कापण्याआधी दोघांचं बोलणं होऊ दे

मिरज

चि. मनू हिस,


पुण्याच्या सर्जनची वेळ मिळाली हे फार चांगलं झालं. ती रद्द करायचा विचार मनातून काढून टाक. फोनवर मी एवढंच म्हणू शकले, कारण तू स्टाफरूममध्ये होतीस आणि तुला मोकळेपणानं बोलता येत नव्हतं. बाकीचं लिहून कळवते. आधी एकटीनं वाच, मग तुझ्या आईला, ताईला दे. तिनंही वाचायला हवंय.

तुझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला फिस्टुला म्हणजे आपलं भगंदर. पण शेजारच्या काकांना झालं होतं ते भगंदर आणि तुझं भगंदर यांत फार फरक आहे. या पत्रातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे मात्र राहू दे. काकांच्या बाबतीत गुदद्वाराच्या आतली एक बारीक ग्रंथी पिकली, पू साठला आणि त्यानं कातडीतून बाहेर यायला वाट काढली. ती वाट उघडून साफ केली की बहुतेकांचं काम तिथं संपतं. तुझ्या दुखण्याच्या मुळाशी क्रोन्स आहे. क्रोन्सची सूज आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहत नाही, भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उठू शकते. भिंतीत पाइप गळत असताना वरून गिलावा केला तर ओल दुसरीकडून फुटते, तसं इथं होतं. बाहेरचं तोंड मिटलं म्हणजे आतली वाट भरून आली असं धरून चालता येत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी गळू समजून गोळ्या दिल्या, म्हणून त्यांच्यावर राग धरू नकोस. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 साली या रोगावर लेख लिहिला, तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या तुकड्याचा रोग म्हणूनच मांडला होता. भगंदर ही त्याच रोगाची गुंतागुंत आहे, यावरचा लेख क्रोन यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिला तो 1938 साली. पोटाचा रोग बसायच्या जागी येऊन उमटेल, हे चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. तुझ्याही आलं नव्हतं. तू ते मूळव्याध समजून महिनाभर मलम लावत बसलीस.

आता पुण्याला जाण्याआधीची तयारी. नव्या डॉक्टरांना तू कोण, तुला आजवर काय काय झालं, यातलं काहीही माहीत नसतं. त्यांच्यासमोर एक मुलगी आणि एक चिठ्ठी असते, बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात. सर्जिकल वॉर्डात आणि ओपीडीत माझं सगळं आयुष्य गेलं. तिथं मी हे पाहिलं आहे की ज्या रुग्णाची फाइल तारखेवार लावलेली असते, त्याच्याशी डॉक्टर रोगाबद्दल बोलतात, आणि ज्याची पिशवी टेबलावर पालथी होते, त्याचा सगळा वेळ कागद शोधण्यात जातो. तुझी पिशवी मी दिवाळीत पाहिली आहे. तिच्यात सोनोग्राफीच्या कागदाला लाइटबिल चिकटलेलं होतं.

एक कागद घे आणि त्यावर फक्त मोठ्या घटना लिही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी उजव्या बाजूला पोटात दुखायला लागलं, ताप यायचा, वजन उतरलं. कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं जखमा दिसल्या. टीबी म्हणून औषधं सुरू झाली. ती कधी सुरू झाली, कोणती होती, किती महिने घेतलीस, पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा जखमा भरल्या होत्या की नव्हत्या, हे नीट लिही. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की कसलेल्या डॉक्टरांनाही तुकडा तपासून दर वेळी खात्री देता येत नाही. म्हणून कित्येकांना आधी टीबीची औषधं देऊन बघतात. तुझ्या बाबतीत जखमा भरल्या नाहीत, मग क्रोन्स ठरला. ही हकीकत तुला जुनी वाटते, पण पुढचं औषध ठरवताना हीच पहिल्यांदा विचारली जाणार आहे. का, ते पुढं सांगते.

त्यानंतर ॲझाथायोप्रिन कधी सुरू झालं, किती मिलिग्रॅम, मधे पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून डोस उतरवला होता तो केव्हा, स्टिरॉइड किती वेळा आणि किती दिवस, हेही त्याच पानावर येऊ दे. जुन्या हॉस्पिटलातले कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज कर. रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी दिल्या पाहिजेत, असं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत आहे. बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे पॅथॉलॉजीत जपलेले असतात, लागले तर तेही मागता येतात. आवाज चढवायची गरज पडत नाही. अर्जाची पोच घेतली की पुरतं.

तुझी खरी धास्ती तपासणीची आहे, हे मला तू न सांगताही कळलं. मी ती तुला जशीच्या तशी सांगते, म्हणजे तिथं गेल्यावर अनोळखी काही राहणार नाही. तुला डाव्या कुशीवर झोपवतील, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतील. अंगावर चादर असेल, लागतो तेवढाच भाग उघडा. डॉक्टर आधी नुसतं बघतील. कातडीवर किती तोंडं आहेत, कुठं कडक लागतंय, कुठं दाबल्यावर पू येतो. मग हातमोजा, जेली आणि एक बोट. थोडं कुंथायला सांगतील, मग आवळून धरायला सांगतील. ते आवळणं फार महत्त्वाचं असतं, कारण शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या कड्यात किती जोर आहे ते त्यावरून कळतं. हे सगळं दोन मिनिटांचं काम. दुखलं तर 'थांबा' म्हण. क्रोन्समध्ये ही जागा कित्येकदा इतकी हुळहुळी असते की जागेपणी पूर्ण तपासणी होतच नाही, आणि चांगला सर्जन तिथं जोर करत नाही. तो भूल देऊन तपासू या म्हणतो. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत सिस्टर किंवा तुझ्याबरोबरची बाई असायलाच हवी. तो तुझा हक्क आहे, मागायला संकोच करू नकोस. मी तर असेनच.

आणि बोलताना आडपडदा ठेवू नकोस. 'तिथं जरा त्रास आहे' असं सांगितलंस तर त्यातून काहीच कळत नाही. पू येतो, दिवसातून किती पॅड बदलावे लागतात, वर्गात तास घेताना बसवत नाही, एसटीत उभ्यानं प्रवास करतेस, जोरात लागली की शौचाला पोचेपर्यंत धीर धरवत नाही, कधी कपड्याला डाग लागतो, हे सगळं सांग. लघवीच्या किंवा योनीच्या वाटेनं वारा किंवा मळ येतोय असं कधी वाटलं असेल तर ते आधी सांग. बाईच्या शरीरात या जागा एकमेकींना इतक्या लागून आहेत की ती वाट तिकडेही फुटू शकते, आणि मग उपचाराची सगळी आखणी बदलते. हे वाक्य तोंडातून काढायला जड जात असेल तर कागदावर लिहून पुढं कर. मी कितीतरी बायकांना असं करायला लावलं आहे. एकाही डॉक्टरनं नाक मुरडलं नाही. त्यांच्यासाठी ती माहिती आहे.

यानंतर बहुधा ओटीपोटाचा एमआरआय सांगतील. 'सोनोग्राफी झाली आहे, पुन्हा कशाला खर्च' असं भावोजी म्हणतील. त्यांना समजावून सांग. बाहेरून एक भोक दिसतं, पण आत वाट स्नायूच्या खालून गेली आहे, त्याच्यातून गेली आहे की वरून वळसा घालून गेली आहे, तिला फाटे किती, कुठं पू साठून राहिलाय का, हे एमआरआयवर कळतं. सर्जनला नकाशा मिळतो. नकाशा नसताना केलेली शस्त्रक्रिया म्हणजे अंधारात चाचपडणं, आणि चाचपडताना स्नायू कापला गेला तर तो पहिल्यासारखा होत नाही. आयुष्यभर शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते ती इथं.

म्हणून माझी एक अट आहे, आणि ती तू पाळायचीस. तुझे गॅस्ट्रोचे डॉक्टर आणि हे नवे सर्जन यांचं आपसात बोलणं झाल्याशिवाय कुणालाही कापायची संमती देऊ नकोस. फोनवर होऊ दे, चिठ्ठीनं होऊ दे, पण होऊ दे. तू स्वतः विचार, 'तुम्ही आमच्या डॉक्टरांशी बोलाल ना?' गुदाशयाच्या आत अजून सूज आहे का, हे एकाला दुर्बिणीतून कळतं. वाट कुठून गेली आहे, ते दुसऱ्याला हातानं कळतं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही. क्रोन्सचे असे किती रुग्ण त्यांच्याकडे येतात हेही विचार. जाणता सर्जन या प्रश्नानं दुखावत नाही. दुखावला, तर आपण दुसरा शोधू. पुण्यामुंबईत सर्जनांचा दुष्काळ नाही.

मात्र पू साठला असेल तर थांबायचं नसतं. ठणका लागला, बसणं अशक्य झालं, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची तारीख बघत बसू नकोस, जवळच्या चांगल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि क्रोन्स आहे, ॲझाथायोप्रिन चालू आहे, हे दारातच सांग. पू काढून टाकणं हे पहिलं काम. त्याला बोलणी लागत नाहीत. आणि घरातलं जुनं स्टिरॉइड परस्पर सुरू करू नकोस. त्यानं ही वाट भरत नाही, आत पू असेल तर तो चिघळतो.

बहुतेक वेळा पहिली शस्त्रक्रिया म्हणजे सीटॉन. नाव ऐकून घाबरू नकोस. भूल देऊन त्या वाटेतून एक मऊ रबरी किंवा रेशमी दोरा ओवतात आणि बाहेर सैलसर कडी बांधतात. तो काही कापत नाही. वाट उघडी राहावी, पू आत कोंडू नये, एवढ्यासाठी तो काही महिने राहतो. त्याच्यासकट आंघोळ होते, शाळा होते, प्रवास होतो. सुरुवातीला टोचल्यासारखं वाटतं, पॅड ठेवावा लागतो, शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसलं की बरं वाटतं. पाण्यात डेटॉल घालू नकोस, कातडी सोलवटते. वाट अगदी वरवरची असेल आणि गुदाशय शांत असेल तर काही वेळा ती उघडतातही. ते सर्जन ठरवतील, पण 'स्नायू किती कापला जाईल' हा प्रश्न तू विचारायचास.

दोऱ्याबरोबर औषध हवंच. ॲझाथायोप्रिन एकट्यानं हे निभावत नाही. मेट्रोनिडॅझोल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतील, त्यानं पू कमी होतो. मेट्रोनिडॅझोल लांबलं आणि तळपायांना मुंग्या यायला लागल्या तर लगेच कळव, ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. पुढचं बोलणं इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिम्युमॅब यांवर येईल. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, पुढं दर आठ आठवड्यांनी, वजनाच्या हिशेबानं. याचा खरा आधार 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाला. क्रोन्सचं भगंदर असलेले 94 रुग्ण होते. किलोमागे 5 मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांच्या सगळ्या वाटा मिटल्या, नुसतं पाणी मिळालेल्यांत 13 टक्क्यांच्या. फरक मोठा आहे. पण निम्म्यांच्या जवळपास लोकांचं पूर्ण काम झालं नाही, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना गुण आला त्यांतल्याही बऱ्याच जणांना वर्षभरात पुन्हा स्राव सुरू झाला. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. हे दुखणं महिन्यांच्या हिशेबानं सुधारतं, आणि कधी एक औषध सोडून दुसऱ्याकडे जावं लागतं.

आता टीबीची गोष्ट. इन्फ्लिक्सिमॅबसारखी ही औषधं शरीरातली सूज दाबतात, त्याबरोबर अंगात निपचित पडलेला टीबीही जागा करू शकतात. आपल्या देशात तो कुणाच्या अंगात आहे हे सांगता येत नाही. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि बी कावीळ आहे का हे बघतात. तुला पूर्वी दिलेली औषधं पक्क्या निदानानंतर होती की शंकेपोटी, कोर्स पुरा झाला की अर्धवट सुटला, यावर पुढचं ठरतं. त्या एका पानावर तारखा लिहायला सांगितल्या त्या यासाठी. पू कोंडलेला असताना ही सूज दाबणारी औषधं सुरू करत नाहीत, तेही लक्षात ठेव.

खर्च मोठा आहे, लपवत नाही. पण या औषधांच्या भारतात बनलेल्या आवृत्त्या आता मिळतात, ॲडालिम्युमॅबची पहिली तर 2014 च्या अखेरीस आपल्याकडेच निघाली. किंमत कंपनीगणिक बदलते. डॉक्टरांना मोकळेपणानं विचार, 'वर्षाचा खर्च किती, आणि मधेच पैशांअभावी थांबलं तर काय होईल?' कारण मधे खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग तेच औषध लागू पडेनासं होतं. दोन डोस देऊन थांबण्यापेक्षा परवडेल तेच धरून चालणं बरं. भावोजींशी पैशाचं मी बोलेन.

ताईनं क्षारसूत्राचा दोरा बांधणाऱ्या माणसाचं सुचवलंय. क्षारसूत्राला मी नावं ठेवत नाही. सुश्रुतांनी भगंदर आठ महागदांत, म्हणजे बऱ्या करायला कठीण रोगांत, धरलं आहे आणि त्याचे प्रकार वर्णिले आहेत. साध्या भगंदरात क्षारसूत्राची आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं रीतसर चाचणी घेतली होती, 1991 साली निष्कर्ष आले. भरून यायला शस्त्रक्रियेपेक्षा वेळ जास्त लागला, पण रोग उलटण्याचं प्रमाण कमी होतं. पण तो दोरा हळूहळू कापत जाणारा आहे, आणि ती चाचणी साध्या भगंदराची होती. क्रोन्समुळे सुजलेल्या जागी, एमआरआय न बघता, कुणी गावात दोरा ओढत बसलं तर स्नायू जाईल आणि जखम भरणार नाही. शिकलेला वैद्यही क्रोन्स म्हटल्यावर आधी थांबेल. जो थांबत नाही त्याच्या दारात तू पाय ठेवायचा नाहीस.

अजून एक बारीक गोष्ट. पाळीत दुखतं म्हणून तू पर्समध्ये मेफ्टाल ठेवतेस. ती, डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन ही एकाच जातीची औषधं, क्रोन्स उसळवू शकतात. तुझ्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉलवर ये आणि शेक घे. औषधांच्या यादीत मेफ्टालही लिही. दुकानातून आणलेली गोळी औषध नसते असं आपल्या घरात सगळ्यांना वाटतं.

आता ताईसाठी. ताई, तू म्हणतेस झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरीचं लग्न व्हायचंय, बोभाटा नको. बोभाटा मलाही नको. पण मूठ झाकायच्या नादात उपचार लांबला तर काय होतं ते मी पलंगापलंगावर पाहिलं आहे. ज्यांच्या घरी मनू जाणार, त्यांना हा आजार आधी सांगायचाच. दर आठ आठवड्यांनी सलाइन घेणारी सून कुणापासून लपणार आहे? रोग आटोक्यात असला की क्रोन्सच्या बायकांना मुलंबाळं होतात, इतरांसारखीच. भगंदर चिघळलेलं असताना बाळंतपण आलं तर सिझेरियन सुचवतात, आणि काही औषधं, मेथोट्रेक्सेटसारखी, आधी थांबवावी लागतात. हे सगळं बोलण्याजोगं आहे. जो मुलगा हे ऐकून उठून जाईल, तो लग्नानंतर कळल्यावर काय करेल याचा विचार कर.

मनू, मी कोयना एक्सप्रेसनं येते. मिरजेहून निघाले की फोन करते, कराडला तू त्याच डब्यात चढ. आदल्या दिवशी फाइल लावून त्यातलं ते एक पान मला फोटो काढून पाठव, तारखा जुळतात का बघते. दुर्बिणीची सीडी विसरू नकोस, रिपोर्टाबरोबर तीही त्यांना बघायची असते. सैल सुती कपडे, पॅडचा पुडा आणि बसायला मऊ उशी घे. ताईला यायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळव, तिचंही तिकीट काढते.

तुझी,
मावशी